नीलवर समुद्रालगतचं घर घ्यायचंय? आधी कालनिर्णय उघडा

अंदमानातल्या नील बेटावर समुद्रालगतचं घर चार-पाच दिवस भाड्याने घ्यायचं ठरलं, की आपण विमानाची तिकिटं बघतो आणि मग घरांचे फोटो. माझं म्हणणं असं, की त्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. या बेटावर कधी पोहायचं, कधी फिरायचं आणि कधी नुसतं ओसरीत बसायचं, हे भरती-ओहोटी ठरवते.

हे कळायला माझी एक अख्खी सहल खर्ची पडली. पहिल्या वेळी फोटोत घराच्या पायरीपर्यंत निळं पाणी होतं. आम्ही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला पोचलो, तर समोर काळे-करडे खडक, मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे आणि समुद्र पार तिकडे, हाक मारली तरी ऐकू जाणार नाही इतका लांब. मुलगी पोहण्याचा चश्मा डोळ्यांवर चढवून तयार उभी होती. घरमालक खोटं बोलला नव्हता. फोटो भरतीचा होता, एवढंच. दुसऱ्या वेळी सासूबाई बरोबर होत्या. त्या वेंगुर्ल्याच्या. त्यांनी तिकिटं काढण्याआधीच विचारलं, "तिथी खंयची?" आणि ती सहल साधली.

हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. टूरबरोबर जाणार असाल तर यातलं फारसं लागणार नाही. आपल्याकडच्या टूर नीलला बहुधा एक रात्र देतात, कधी तीही नाही.

आधी बेट कळू द्या

नीलचं अधिकृत नाव ३० डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप. त्याच दिवशी शेजारच्या हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं दिसतील, बोलण्यात जुनी ऐकू येतील, तेव्हा दोन्ही लक्षात ठेवा. मी इथे नीलच म्हणते.

बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाचेक किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,०४० होती. गावांची नावं रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. बाजाराचं गाव तेवढं नील केंद्र. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना इथे जमिनी दिल्या गेल्या, आणि त्यांनी इतका भाजीपाला पिकवला की नीलला अंदमानची भाजीची टोपली म्हणतात. घराघरांत बंगाली, बाहेर हिंदी. आपल्या मोडक्या हिंदीला इथे कोणी हसत नाही, कारण त्यांचीही तशीच असते.

रात्री आठनंतर बाजार झोपतो. ज्यांना संध्याकाळी काहीतरी चालू हवं असतं त्यांनी हॅवलॉकला राहावं आणि नीलला दिवसाचं येऊन जावं.

पायरी १: महिना आणि तिथी

महिन्याचं सोपं आहे. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत समुद्र बहुधा शांत असतो आणि पाणी स्वच्छ. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो तो सप्टेंबरपर्यंत. मग ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी यात सापडते. गोष्ट गंभीर आहे: डिसेंबर २०१६ च्या सुरुवातीला हवामान बिघडून बोटी बंद झाल्या आणि हॅवलॉक-नीलवर सुमारे १,४०० पर्यटक अडकले. त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. दिवाळीतच जायचं असेल तर जा, पण परतीला दोन दिवस मोकळे ठेवा.

आता तिथी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे चढउतार कमी. नीलचा बहुतेक किनारा उथळ प्रवाळाचा आहे. म्हणून उधाणाच्या ओहोटीला घरासमोरचं पाणी नाहीसं होतं, भांगाला ते दिवसभर बऱ्यापैकी टिकतं. मग भांगालाच जावं? तसंही नाही. नीलचा तो प्रसिद्ध नैसर्गिक दगडी पूल, जिवंत प्रवाळ आणि खडकांतल्या पाण्याच्या डबक्यांतले मासे उधाणाच्या ओहोटीला जसे दिसतात तसे भांगाला दिसत नाहीत.

माझा तोडगा: दशमी-एकादशीला पोचायचं, पौर्णिमा उरकून निघायचं. पहिले दोन दिवस पोहणं, शेवटचे दोन दिवस भटकणं. फाल्गुनात, होळीच्या पौर्णिमेला हे उत्तम जमतं. मुलांच्या परीक्षांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

कोकणातल्या वाचकांसाठी एक इशारा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, हा आपला ठोकताळा तिथे तसाच लागू होत नाही. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तो लावला आणि भरती तास-दीड तास आधीच येऊन गेली. त्या जरा खट्टू झाल्या. दुसऱ्या दिवशी वाळूत काठी रोवून त्यांनी स्वतः वेळ काढली आणि जाहीर केलं, "हयसर सूर्य लवकर उगवता, दर्या पण लवकर उठता." काठी रोवायची नसेल तर पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. तुमच्या चार दिवसांचं उतरवून घ्या आणि घराच्या दाराला आतून चिकटवा. आम्ही होतो तेव्हा पौर्णिमेच्या सुमारास भरती सकाळी नऊ-दहाला आणि ओहोटी दुपारी चारच्या आगेमागे होती. रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते.

पायरी २: कोणता किनारा

चारही किनाऱ्यांवर राहायची सोय आहे, पण चौघांचा स्वभाव वेगळा.

भरतपूर जेटीपासून चालत जाण्याइतकं जवळ. वाळू मऊ, पाणी उथळ आणि शांत, काचेच्या तळाच्या बोटी आणि पाण्यातले खेळ इथेच. लहान मुलं आणि पोहता न येणारी मंडळी असतील तर हाच किनारा. दहा ते दोन या वेळात टूरवाले येतात आणि पाण्यात जत्रा भरते. त्याआधी, सकाळी सहा वाजता, तो तुमच्या एकट्याचा असतो.

लक्ष्मणपूर पश्चिमेला. सूर्यास्त इथला. पांढऱ्या वाळूची लांबलचक पट्टी, चालायला फार सुंदर, पण पाण्यात शिरलात की काही पावलांवर प्रवाळ लागतं. नैसर्गिक पूल लक्ष्मणपूर-२ म्हणतात त्या भागात आहे, तिथे खडकांवरून जावं लागतं.

सीतापूर पूर्वेच्या टोकाला, बाजारापासून सगळ्यांत लांब. सूर्योदय इथला. समुद्र मोकळा असल्याने लाटा येतात, पोहायला मी इथे मुलीला सोडलं नाही. पण शांतता हवी असेल, पुस्तक वाचायचं असेल, तर याला तोड नाही. रामनगर या सगळ्यांच्या मधलं: शेतं, नारळाच्या बागा आणि थोडी घरं.

आम्ही दुसऱ्या वेळी लक्ष्मणपूरला राहिलो आणि पोहायला भरतपूरला गेलो. बेट इतकं लहान आहे की राहायचं एकीकडे आणि डुंबायचं दुसरीकडे हा हिशेब सहज जमतो.

पायरी ३: आगाऊ पैसे भरण्याआधीचा फोन

संकेतस्थळावर घर आवडलं तरी मालकाशी एकदा फोनवर बोलाच. मालवण-देवबागला न्याहारी निवासात राहिलेल्यांना ही सवय असेल. मी हे विचारते:

- घर आणि वाळू यांच्यामध्ये काय आहे? रस्ता, दुसऱ्याची बाग की फक्त झाडं? किनाऱ्याला अगदी खेटून बांधायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे चांगल्या घरापुढेही केवड्याची आणि समुद्री महुआची झाडं असतात. ती असावीतच, दुपारी तीच सावली.
- ओहोटीचा एक फोटो पाठवाल का? हा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. एकाने हसून पाठवला, एकाने विषय बदलला. ज्याने पाठवला त्याचं घर घेतलं.
- वीज गेली तर जनरेटर आहे का, आणि त्यावर एसी चालतो की फक्त पंखा-दिवे? या बेटांवरची बरीचशी वीज डिझेलवर तयार होते, ती जाते.
- नळाचं पाणी कसलं? लहान बेटावर गोडं पाणी कमी. काही ठिकाणी अंघोळीचं पाणी मचूळ लागतं.
- रात्रीचं जेवण घरात मिळेल का? किती वाजता सांगावं लागतं?
- बोट रद्द झाल्यामुळे आलोच नाही, तर पैशांचं काय? आणि अडकून एक रात्र जास्त राहावं लागलं तर काय दराने?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी, निदान व्हॉट्सॲपवर घ्या. मालक चांगले असतात, पण नाताळच्या गर्दीत तोंडी बोलणं दोघांच्याही लक्षात राहत नाही.

पायरी ४: पोचणं

भारतीय नागरिकांना श्री विजयपुरम, हॅवलॉक, नीलसाठी परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र मूळ प्रत हातात ठेवा, विमानात, बोटीत आणि घरात तिन्हीकडे लागतं.

विमान वीर सावरकर विमानतळावर उतरतं. मुंबई-पुण्याहून बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूवरून जावं लागतं. त्याच दिवशी नीलची बोट पकडायचा हट्ट नको. एक रात्र शहरात राहा. सेल्युलर जेल बघून होतं, आणि आपल्या लोकांचे पाय तिकडे वळल्याशिवाय राहतही नाहीत. १९११ मध्ये सावरकरांना जिथे आणलं ती कोठडी तिसऱ्या मजल्यावर टोकाला आहे. गुडघे दुखत असतील तर जिने सावकाश चढा.

बोटी दोन तऱ्हेच्या. खासगी बोटी, मॅक्रूझ, नॉटिका वगैरे, वातानुकूलित आणि जलद, हॅडोच्या धक्क्यावरून सुटतात. सरकारी बोट फिनिक्स बे जेटीवरून. ती स्वस्त, संथ, आणि डेकवर उभं राहून उडणारे मासे बघायला मिळतात. श्री विजयपुरमहून नीलला खासगीने तास-दीड तास, सरकारीने दोनेक तास. कोणता धक्का ते तिकिटावर नीट वाचा. रिक्षावाला "जेटी?" असं विचारतो आणि आपण "हो" म्हणून चुकीच्या जेटीवर पोचतो, असं होतं. सुटण्याच्या तासभर आधी हजर राहा.

बोट लागते. पोटभर नाश्ता करून चढू नका, पण रिकाम्या पोटीही नको. गोळी घ्यायची असेल तर अर्धा-पाऊण तास आधी, डॉक्टरांना विचारून. आमच्याकडे आलेपाक होता आणि तो शेजारच्या चार रांगांना पुरला.

पायरी ५: बॅगेत काय

रबरी तळाचे, पाण्यात घालायचे बूट. हे पहिलं. चपलेने प्रवाळावर चालता येत नाही, अनवाणी तर नाहीच, सागरी साळिंदराचे (सी अर्चिनचे) काटे पायात मोडले की ते काढताना घरभर आवाज जातो. मग टॉर्च, पातळ पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम, नेहमीची औषधं मुक्कामापेक्षा चार दिवस जास्तीची आणि खोबरेल तेलाची बाटली. तेलाचं कारण पुढे येईल. ड्रोन घरी ठेवा, विनापरवाना उडवता येत नाही.

रोख रक्कम पुरेशी न्या. एटीएमच्या आणि यूपीआयच्या भरवशावर राहू नका. नेटवर्क गेलं की नारळपाणीवालाही हात वर करतो.

पायरी ६: पहिली संध्याकाळ

घड्याळ तेच असलं तरी तुम्ही कोकणापेक्षा एकोणीस रेखांश पूर्वेला आला आहात. म्हणजे सूर्य साधारण सव्वा तास पुढे आहे. डिसेंबरात पाचच्या सुमारास तो बुडतो आणि साडेपाचला मिट्ट काळोख. "चहा घेऊन सहाला सूर्यास्त बघू" म्हणणारं एक तरी मराठी कुटुंब लक्ष्मणपूरच्या वाटेवर अंधारात उलटं येताना दिसतं. चारला निघा. आणि सकाळी पाचला उठायची सवय लावा, दिवस तिथेच असतो. साडेपाचला जाग आली तर अलार्म चुकला असं समजू नका, उजाडलेलं असतं.

घरात शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी तीन गोष्टी. एक, मालकाला विचारा की भूकंप झाला तर उंचावर जायची वाट कोणती. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या बेटांनी पाहिली आहे, त्यामुळे हा प्रश्न कोणाला विचित्र वाटत नाही. लोक शांतपणे हात करून रस्ता दाखवतात. जमीन बराच वेळ जोरात हलली किंवा समुद्र अचानक, वेळापत्रकात नसताना मागे गेला, तर भोंग्याची वाट न बघता त्या वाटेने निघायचं. दोन, नारळाच्या झाडाखाली झोळी किंवा खुर्ची असेल तर ती हलवा. तीन, मगरीबद्दल विचारा. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, मुख्यतः खाड्या आणि खारफुटीत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीने बळी घेतला होता. नीलवर फलक दिसला तर तिथे पाण्यात उतरू नका, संध्याकाळी कुठेच नको.

आता खोबरेल. इथल्या वाळूत बारीक माशी असते, सगळे तिला सँडफ्लाय म्हणतात. डोळ्यांना जेमतेम दिसते. चावते तेव्हा कळत नाही, रात्री कळतं. दुसऱ्या दिवशी पोटरीवर तांबड्या गाठी आणि आठवडाभर खाज. पहाटे आणि सूर्यास्ताला तिचा जोर, नेमकं आपण वाळूत बसतो तेव्हा. उपाय साधा: घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खोबरेलाचा जाड थर आणि वाळूवर अंग न टाकता खुर्ची. मी पहिल्या सहलीत शहाणपणा करून नुसतं सुगंधी मलम लावलं. परत आल्यावर ऑफिसात टेबलाखाली पाय खाजवत बसले होते. सासूबाईंनी वेंगुर्ल्याचं तेल थापलं आणि त्यांना एकही गाठ आली नाही. चावलीच तर नखं लावू नका, जखम चिघळते.

पायरी ७: ओहोटीचा दिवस

नैसर्गिक पुलासाठी ओहोटीच्या नीचांकाच्या तासभर आधी पोचा. पाणी उतरत असताना जायचं आणि चढायला लागलं की परतायचं. उलट केलंत तर परतीची वाट ओली आणि निसरडी होते. वाटाड्या घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही. आमच्याबरोबरच्या वाटाड्या मुलाने खडकांतल्या डबक्यांत काय काय दाखवलं: जाडजूड काळी समुद्रकाकडी, कपचीखाली अंग चोरून बसलेला खेकडा, निळ्या ओठांचा मोठा शिंपला जो सावली पडताच मिटला. मुलगी त्याच्यावर पुन्हा पुन्हा सावली पाडत होती. मुलाने तिला हळूच थांबवलं, "बहना, वो थक जाएगा."

पाय फक्त वाळूवर किंवा कोरड्या काळ्या खडकावर ठेवा. तपकिरी, हिरवट, जांभळट जे काही दगडासारखं दिसतं ते बहुधा जिवंत असतं. त्यावर उभं राहिलं तर ते मरतं आणि तुमची पोटरीही सोलवटते. प्रवाळाची जखम लहान दिसली तरी गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा, आत बारीक कण राहतात आणि पिकतं. फार सुजलं तर बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याहून मोठं काही झालं तर श्री विजयपुरम गाठावं लागतं, म्हणून वयस्कर माणसं बरोबर असतील तर धाडस बेतानेच.

पोहायचं ते भरतीच्या आधीच्या तासात. पाणी भरत असतं, तळ झाकलेला असतो आणि ओढ बाहेरची नसते.

पायरी ८: जेवण

रात्रीचं सकाळी सांगायचं. हा नियम पाळला तर घरचं जेवण इतकं चांगलं मिळतं की हॉटेल आठवत नाही: भात, डाळ, बटाट्याचा भाजा (तळलेले काप), मोहरीतलं माशाचं कालवण आणि बेटावरचीच भाजी. मासा काय येईल ते जाळ्यावर. सुरमई, कुपा, तांबोशी ही आपल्या ओळखीची. मोहरीच्या तेलाची सवय नसेल तर आधीच सांगा, नाहीतर पहिला घास नाकात जातो.

आमच्या घरातल्या बौदींच्या, म्हणजे बंगालीत वहिनींच्या, स्वयंपाकघरात सासूबाई दुसऱ्याच दिवशी शिरल्या. एकीला हिंदी येत नव्हती, दुसरीला येत होती पण ती हिंदी ऐकायला बंगालीच होती. माशाचे कल्ले उघडून दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली आणि तिथून पुढे भाषा लागली नाही. सासूबाईंनी चेक-इन बॅगेत कोकमाच्या आगळाची बाटली नेली होती. नारळ दारातच होते. रात्री सोलकढी झाली. बौदींनी एक घोट घेतला, जरा थांबल्या आणि "मासीमा, ये तो दवाई है," म्हणत पेला पूर्ण संपवला.

शाकाहारी माणसांची इथे आबाळ होत नाही, भाजी इथलीच असते. "मासा नको" एवढं पुरत नाही, "माशाचा रस्साही नको, त्याच कढईतलंही नको" असं पूर्ण वाक्य सांगा.

पायरी ९: फिरणं, नेटवर्क

सायकल भाड्याने मिळते आणि बेटाला ती पुरते. उन्हाचा त्रास असेल तर स्कूटर. घेताना ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा, परत देताना वाद होत नाही. आम्ही फोटो न काढता घेतली होती आणि जुन्या ओरखड्याचे तीनशे रुपये मोजले.

मोबाइलला बाजारात रेंज असते, किनाऱ्यावरच्या घरात येते-जाते. घरून काम करायच्या विचाराने येत असाल तर नील निवडू नका. बोटीची आणि विमानाची तिकिटं मोबाइलवर ठेवता तशी कागदावरही छापून घ्या.

कचरा ज्या पिशवीतून आणलात त्याच पिशवीतून परत शहरात न्या. लहान बेटावर तो टाकायला जागा नसते. पाण्याची बाटली घरात भरून घेता येते.

पायरी १०: निघताना

विमान ज्या दिवशी आहे त्याच दिवशी नील सोडायचं नाही. आदल्या दिवशी दुपारपर्यंत श्री विजयपुरमला या. बोट हवामानावर सुटते, विमान कोणासाठी थांबत नाही.

शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा, वाळूची बाटली, काही घेऊ नका. मेलेलं प्रवाळसुद्धा नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं आणि विमानतळावर बॅग तपासतात तेव्हा ते दिसतं. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका काकांच्या बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पांढरं फांदीदार प्रवाळ निघालं. ते परोपरीने सांगत होते की किनाऱ्यावर पडलेलंच होतं, नातवासाठी घेतलंय. त्यांना बाजूला घेतलं. पुढे काय झालं ते आम्हाला दिसलं नाही, पण विमानात ते सगळ्यात शेवटी, मान खाली घालून चढले.

रिकामा शंखही रिकामा असेल असं नाही. नीलच्या वाळूवर शंखात राहणारे छोटे खेकडे शेकड्यांनी असतात. रात्री टॉर्च मारली की सगळी वाळू चालू लागते. अंग वाढलं की त्यांना मोठा शंख शोधावा लागतो. आपण सुंदर म्हणून उचललेला शंख म्हणजे कोणाचं तरी पुढचं घर.

म्हणून शेवटचं काम: निघायच्या सकाळी ओसरीतले बूट उलटे करून झटका, पिशव्या रिकाम्या करून परत भरा. आमची रिक्षा बाहेर हॉर्न देत होती तेव्हा मुलीच्या डाव्या बुटातून सुपारीएवढा शंख टपकन पडला. त्याला आधी पाय फुटले, मग नांग्या, आणि तो पायरीवरून खाली उतरून महुआच्या मुळांकडे चालू लागला. सासूबाईंनी रिक्षावाल्याला हाताने थांब म्हटलं. तो मुळाआड जाईपर्यंत आम्ही चौघेही उभे होतो, आणि जेटीवर पोचलो तेव्हा रांगेत आमचा नंबर शेवटचा होता.